क्लचचं बिल अचानक येत नाही



व्यवसायासाठी जुनी कार घेतलेल्या लोकांकडून मी एक वाक्य हमखास ऐकतो : "सगळं बरं चाललं होतं हो, मध्येच अचानक क्लचचा खर्च निघाला." आज मला या 'अचानक' शब्दावरच बोलायचंय. कारण माझ्या मते धंद्याचं खरं नुकसान क्लच कमी करतो आणि हा शब्द जास्त करतो.

माझं म्हणणं सरळ आहे. मॅन्युअल गियरची गाडी तुम्ही धंद्यात वापरता, तेव्हा प्रत्येक फेरीला तुम्ही क्लचकडून थोडी थोडी उधारी घेत असता. गॅरेजवाला शेवटी जे बिल हातात देतो, ते या उधारीचं एकत्र बिल. किराणा दुकानाची वही वर्षभर बघितलीच नाही आणि दिवाळीला दुकानदाराने आकडा सांगितला, तर तो अचानक वाटणारच. पण साखर, तेल आपणच नेलेलं असतं ना!

क्लच झिजतो कसा?

थोडं तांत्रिक, पण सोपं सांगतो. इंजिन चालू असताना फिरत राहतं, चाकं मात्र सिग्नलला थांबतात. या दोघांना जोडणारी आणि तोडणारी वस्तू म्हणजे क्लच. इंजिनच्या बाजूला फ्लायव्हील असतं, समोर प्रेशर प्लेट असते आणि दोघांच्या मध्ये क्लच प्लेट दाबून धरलेली असते. पेडल दाबलं की पकड सुटते, पेडल सोडलं की पुन्हा बसते. बसताना क्षणभर प्लेट घासते. ब्रेकचा लायनर झिजतो तशीच ही प्लेट झिजते. तुम्ही अर्ध्या क्लचवर गाडी रेंगाळत ठेवली, की हे घासणं क्षणभराचं न राहता मिनिटभर चालतं.

म्हणजे क्लचचं आयुष्य नुसत्या किलोमीटरवर ठरत नाही. किती वेळा थांबलात, किती वेळा उचललीत, यावर ठरतं.

आपल्या कोपरगावचंच घ्या. ११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा सुरू झाला आणि ५ जून २०२५ पासून पूर्ण ७०१ किलोमीटरचा रस्ता खुला झाला. समृद्धीवर गाडी पाचव्या गियरला पडली की क्लचला कामच नसतं. पण आपल्यातल्या किती जणांची डिलिव्हरी समृद्धीवरून जाते? आपली फेरी जाते नगर–मनमाड रस्त्याने शिर्डीला, नाहीतर येवल्याला. गळीत हंगामात पुढे उसाचा ट्रॅक्टर आणि त्याला दोन ट्रॉल्या. त्याच्या मागे पहिला–दुसरा, पहिला–दुसरा करत जायचं. शिर्डीत गुरुवारची गर्दी. मग गावातल्या बाजारपेठेत दर पन्नास पावलांवर थांबा. समृद्धीवरचे शंभर किलोमीटर आणि या रस्त्यांवरचे शंभर किलोमीटर क्लचच्या दृष्टीने एक नाहीत.

म्हणून 'मित्राची गाडी लाख किलोमीटर गेली, माझाच क्लच लवकर कसा गेला?' असं विचारण्यात अर्थ नाही. मित्र हायवेला फिरतो, तुम्ही गल्लीत.

३५ पैशांचा हिशोब

आता वही उघडा. खालचे आकडे समजण्यासाठी घेतलेत. तुमच्या गाडीचे आकडे तुमच्या मेकॅनिककडून घ्या.

समजा क्लचचा पूर्ण सेट, मजुरी आणि टॅक्स धरून २१,००० रुपये लागतात आणि तुमच्या वापरात क्लच ६०,००० किलोमीटर टिकतो. भागाकार करा : किलोमीटरला ३५ पैसे. महिन्याला १,५०० किलोमीटर फिरत असाल तर महिन्याचे ५२५ रुपये. चाळीस महिन्यांत बरोबर २१,००० जमतात.

आणि तुमचं सगळं फिरणं गावातल्या गावात असेल, क्लच ३०,०००लाच जात असेल, तर किलोमीटरला ७० पैसे. महिन्याचे १,०५०.

बाकीचंही याच पद्धतीने मांडा. चार टायर २०,००० रुपये आणि ४०,००० किलोमीटर, म्हणजे ५० पैसे. दर १०,००० किलोमीटरला ६,००० ची सर्व्हिसिंग, म्हणजे ६० पैसे. ब्रेकचं काम ३०,००० किलोमीटरला ६,०००, म्हणजे २० पैसे. बॅटरी ६०,००० किलोमीटरमागे ६,०००, म्हणजे १० पैसे. क्लचचे ३५ मिळवा. एकूण झाले १ रुपया ७५ पैसे, तेही पेट्रोल न धरता.

कोपरगाव–शिर्डी जाऊन-येऊन साधारण ३० किलोमीटर धरा. पेट्रोल सोडून ५२ रुपये ५० पैसे गाडीने खाल्ले. आता सांगा, तुम्ही 'फ्री होम डिलिव्हरी' लिहून पाचशेच्या ऑर्डरवर ६० रुपये नफा धरला होता. राहिलं काय? साडेसात रुपये. त्यातून पेट्रोल टाका बघू!

म्हणून मी म्हणतो, क्लचचा खर्च 'मेंटेनन्स' या रकान्यात लिहू नका. तो डिलिव्हरीच्या दरात लिहा. मेंटेनन्स म्हटलं की मनात येतं 'निघेल तेव्हा बघू'. दर म्हटलं की आजच ठरवावा लागतो.

यावर लोक म्हणतात, "सर, गिऱ्हाईक डिलिव्हरी चार्ज देत नाही. आपण मागितला की शेजारच्याकडे जातं." मान्य आहे. माझं पॅकिंग मटेरियलचं दुकान आहे, गिऱ्हाईक दहा रुपयांसाठी फिरतं हे मला शिकवायला नको. पण दर वसूल करायचे रस्ते चार्ज सोडूनही आहेत. किमान ऑर्डर ठरवा. एरियानुसार वार ठरवा : शिर्डी बुधवारी, येवला शनिवारी. शिर्डीचा माल गुरुवारच्या गर्दीत नेण्यापेक्षा बुधवारी नेला, तर दुकानदारालाही गुरुवारसाठी तो हातात हवाच असतो. एका फेरीत एक ऑर्डर नेण्याऐवजी पाच नेल्या की ५२ रुपये ५० पैशांचे प्रत्येकी साडेदहा रुपये झाले. गिऱ्हाईकाकडून एक रुपया जास्त न घेता तुम्ही क्लचचे पैसे काढले.

गाडी बोलते, आपण ऐकत नाही

क्लच जाण्याआधी बहुतेक वेळा सांगून जातो. ॲक्सिलरेटर दिला की इंजिनचा आवाज वाढतो, पण गाडी ओढत नाही. चढावर लोड घेऊन जाताना जळका वास येतो. पेडल फार वर आल्यावर गाडी उचलते. उचलताना गाडी थरथरते. पेडल दाबलं की घरघर ऐकू येते. ही घरघर बहुतेकदा रिलीज बेअरिंगची.

पण एक लक्षात ठेवा. गियर पडत नाही, पेडल खाली बसलं, म्हणजे लगेच प्लेट गेली असं नाही. काही गाड्यांत क्लचची केबल असते, ती ताणलेली किंवा तुटलेली असू शकते. काही गाड्यांत हायड्रॉलिक यंत्रणा असते, तिथे ऑइल गळत असेल. अशी दुरुस्ती बऱ्याचदा पूर्ण सेटपेक्षा खूप स्वस्तात होते. म्हणून गॅरेजमध्ये जाऊन "क्लच गेलाय, बदलून टाका" असं आपणच निदान सांगू नये. डॉक्टरकडे जाऊन आपण म्हणतो का, "अपेंडिक्स काढून टाका"? लक्षणं सांगा, निदान त्यांना करू द्या आणि निदान कशावरून केलं ते विचारा.

खर्चाला हो म्हणण्याआधी हे प्रश्न विचारा :

१. प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग, यातलं काय काय बदलणार? पार्टची किंमत वेगळी आणि मजुरी वेगळी लिहून द्याल का?

२. फ्लायव्हीलची अवस्था कशी आहे? काही गाड्यांत, विशेषतः बऱ्याच डिझेल गाड्यांत, ड्युअल मास फ्लायव्हील असतं. ते बदलायचं झालं तर बिल एकदम उडी मारतं. ते खरंच बदलावं लागणार आहे का, दाखवा.

३. गियर बॉक्स उतरवल्यावर ऑइल सील गळतंय का ते बघाल का? तिथून ऑइल नव्या प्लेटवर आलं तर नवी प्लेटही घसरणार.

४. पार्ट कोणत्या कंपनीचा, खोका मला दाखवाल का? जुने पार्ट परत द्याल का?

५. कामाची गॅरंटी किती दिवसांची किंवा किती किलोमीटरची? ती बिलावर लिहाल का?

हे विचारल्याने चांगला मेकॅनिक रागवत नाही. उलट त्याला बरं वाटतं, कारण पुढे वाद होत नाहीत. रागवला, तर त्यातूनही तुम्हाला माहितीच मिळाली.

आता 'फक्त प्लेट टाका, बाकी राहू द्या' या काटकसरीबद्दल. क्लचच्या कामात मजुरीचा मोठा भाग गियर बॉक्स उतरवणं आणि पुन्हा चढवणं यात जातो. बेअरिंग सहा महिन्यांनी गेलं तर तीच मजुरी पुन्हा. त्यामुळे गाडी अजून दोन-तीन वर्षं वापरायची असेल, तर पूर्ण सेट टाकणंच स्वस्त. दोन महिन्यांत गाडी विकायची असेल तर हिशोब वेगळा, पण मग घेणाऱ्याला खरं सांगा.

बिल मात्र पक्कंच घ्या. "बिल नको, टॅक्स वाचेल" हा सल्ला तुमच्या फायद्याचा नाही. बिल नसेल तर गॅरंटी कसली मागणार? २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात माल किंवा सेवा देऊन बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. काही तक्रार झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

इतक्या जुन्या गाडीत एवढे पैसे घालायचे का?

हा प्रश्न येतोच. "गाडीची किंमत दीड-पावणेदोन लाख. त्यात एकवीस हजार घालायचे? त्यापेक्षा काढून टाक, नवी घे." सल्ला देणारा चहा पिऊन निघून जातो, हप्ता आपल्याला भरायचा असतो.

बिलाची तुलना गाडीच्या किमतीशी करू नका. गाडी पुढचे महिने जे काम करणार आहे, त्याच्या दुसऱ्या पर्यायाशी करा. नव्या गाडीसाठी ५ लाखांचं कर्ज, १० टक्के व्याज, पाच वर्षं, असं धरलं तर हप्ता साधारण १०,६०० रुपये येतो. म्हणजे क्लचचं बिल दोन हप्त्यांएवढं. इंजिन धूर टाकत नाही, पत्रा सडलेला नाही, कागदपत्रं नीट आहेत, तर तिसऱ्या महिन्यापासून जुनी गाडी तुम्हाला पैसे वाचवून देतेय. याउलट इंजिनचंही काम जवळ आलंय, नोंदणीची १५ वर्षं संपत आलीत आणि पुन्हा नोंदणीचा खर्च समोर आहे, तर सगळे खर्च एका कागदावर लिहा आणि मग ठरवा. नुसत्या क्लचवर गाडी विकू नका आणि नुसत्या मायेपोटी ठेवूही नका.

तिसरा पर्याय लोक विसरतात : छोटा हत्ती भाड्याने. आठवड्याला दोनच फेऱ्या असतील तर भाडं आणि आपल्या गाडीचा पूर्ण खर्च शेजारी शेजारी मांडा. कित्येकदा गाडी आपली असण्याची हौस महाग पडते. भाड्याच्या गाडीचा क्लच गेला तर ती तुमची डोकेदुखी नसते, हाही फायदा धरा.

पैसे कुठून आणायचे?

इथे खरा धोका आहे. माझ्या बॅचमधल्या एका ताईंचं उदाहरण सांगतो. घरगुती फराळाचा व्यवसाय, डिलिव्हरी जुन्या कारमधून. दिवाळीच्या तीन आठवडे आधी क्लच गेला. गाडी तर हवीच. त्यांनी बिल दिलं ते बेसन, तूप आणि सुकामेव्यासाठी बाजूला ठेवलेल्या रकमेतून. गाडी दोन दिवसांत सुरू झाली, पण माल कमी भरला गेला. किराणावाल्याने सणाच्या तोंडावर जास्त उधार दिलं नाही. शेवटच्या आठवड्यात आलेल्या ऑर्डर परत कराव्या लागल्या. वर्षाची निम्मी कमाई ज्या वीस दिवसांत होते, त्या वीस दिवसांत.

क्लचने त्यांचे २१,००० घेतले नाहीत. त्या २१,०००च्या मालावर जे मिळालं असतं तेही घेतलं आणि दोन-चार कायमची गिऱ्हाइकंही घेतली. ताई मेहनतीत कुठेच कमी नव्हत्या. त्यांना गाडीचा वेगळा डबा ठेवायला कोणी सांगितलंच नव्हतं, एवढंच.

म्हणून माझा आग्रह आहे की मालाचं भांडवल आणि गाडीचा पैसा एका गल्ल्यात नको. बँकेत एक वेगळं साधं खातं उघडा आणि दर शनिवारी मीटर बघून, आठवड्याचे किलोमीटर गुणिले तुमचा दर, एवढी रक्कम तिकडे टाका. पहिल्या वर्षातच क्लच गेला आणि डबा अर्धाच भरलेला असेल, तरी अर्धंच बिल बाहेरून उभं करावं लागेल. ते उभं करताना आधी बचत गट किंवा पतसंस्था बघा, गॅरेजवाल्याला दोन टप्प्यांत घेण्याबद्दल विचारा. क्रेडिट कार्डचा 'किमान रक्कम भरा' हा पर्याय मात्र टाळा, उरलेल्या रकमेवर चढणारं व्याज छोट्या धंद्याला परवडत नाही.

विम्यावर विसंबू नका. गाडीच्या नेहमीच्या विम्यात झीज आणि यांत्रिक बिघाड धरलेला नसतो. नव्या गाडीच्या वॉरंटीतही क्लच प्लेटची झीज सहसा बसत नाही.

जीएसटीबद्दल थोडं. रेग्युलर नोंदणी असेल आणि गाडी मालवाहू असेल, तर धंद्यासाठी केलेल्या दुरुस्तीच्या बिलावरचं इनपुट क्रेडिट मिळू शकतं. ड्रायव्हर धरून १३ सीटपर्यंतची प्रवासी कार असेल, तर टॅक्सी किंवा ड्रायव्हिंग स्कूलसारखे अपवाद सोडता मिळत नाही, भले तुम्ही तिच्यातून फक्त खोकीच नेत असाल. कंपोझिशनमध्ये असाल तर क्रेडिटचा प्रश्नच नाही. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ऑटो पार्टवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय. त्याआधीचं जुनं कोटेशन कोणी दाखवलं, तर नवं मागा. तुमच्या बाबतीत नेमकं काय लागू होतं ते सीएंना विचारून घ्या.

पोराच्या पगारातून कापू नका

शेवटचा मुद्दा, आणि यावर काही मालक माझ्यावर नाराज होतील. गाडी चालवणारा मुलगा महिन्याला दहा-बारा हजारांवर काम करतो. क्लच गेला की मालक म्हणतो, "तूच जाळलास, पगारातून कापणार." मला हे अजिबात पटत नाही.

एक तर प्लेट झिजणारच होती. त्याने किती झिजवली आणि तुम्ही गावात दिवसाला चाळीस थांबे देऊन किती झिजवली, हे वेगळं कसं काढणार? दुसरं, पगार कापलेला पोरगा पुढच्या वेळी जळका वास आला तरी सांगणार नाही. आणि वास आला तेव्हा सांगणं, हीच तर तुमची सर्वांत मोठी बचत. वेळेत कळलं तर निदान सीझन सोडून, आपल्या सोयीने काम करता येतं.

त्यापेक्षा त्याला बसवून शिकवा. सिग्नलला न्यूट्रल करायचं. क्लच पेडलवर पाय टेकवून गाडी चालवायची नाही. चढावर गाडी अर्ध्या क्लचवर तोलून धरायची नाही, हँडब्रेक लावायचा. ट्रॅक्टरच्या मागे चिकटण्यापेक्षा थोडं अंतर ठेवून एका संथ वेगाने जायचं. आणि त्याला सांगा : क्लच ठरलेल्या ६०,०००च्या पुढे जेवढा चालेल, तेवढ्या प्रत्येक किलोमीटरच्या ३५ पैशांतले १५ तुझे. दहा हजार किलोमीटर जास्त चालला तर त्याला १,५०० रुपये मिळतील आणि तुमचे २,००० राहतील. दंडापेक्षा हा सौदा दोघांना परवडतो.

आजचं काम

हे वाचून झालं की तीन गोष्टी करा. गाडीचं मीटर किती झालंय ते वहीच्या पहिल्या पानावर तारखेसह लिहा. मेकॅनिकला फोन करून विचारा, "माझ्या गाडीचा पूर्ण क्लच सेट, मजुरी धरून, आज किती?" मग तुमचा स्वतःचा किलोमीटरचा दर काढा. माझे ३५ पैसे वापरू नका, तुमचे तुम्ही काढा.

दर काढल्यावर तुमच्या सगळ्यात लांबच्या गिऱ्हाइकाची शेवटची ऑर्डर समोर घ्या आणि त्यात खरंच काय उरलं ते बघा. पुढची ऑर्डर घेताना काय बोलायचं, ते तो आकडाच तुम्हाला सांगेल.